पोरांच्या टेबलावरचा माइक

अमेरिकेतल्या किती वर्गांत मी बसले असेन याची गणती नाही, आणि त्यातल्या एकाही वर्गात मी पाऊल टाकलेलं नाही. कोडं घालत नाहीये, सांगते. माझं कामच तसं होतं.

आमच्या ॲन आर्बरच्या मंडळात गणपतीला, संक्रांतीला नवी नवी मंडळी भेटतात. कुणी नुकतं पीएचडीला आलेलं असतं, कुणी गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर करत असतं. जेवणाच्या रांगेत विचारतात, "काकू, तुम्ही युनिव्हर्सिटीत होतात ना? काय शिकवायचात?" मी म्हणते, "शिकवत नव्हते रे बाबा. ऐकत होते." मग समोरचा घाईघाईने "हो हो, काउन्सेलिंग" असं म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. म्हणून म्हटलं, यंदा दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदाच नीट लिहून टाकावं.

तर असं बघा. युनिव्हर्सिटीत एक शिक्षणाचा विभाग असतो. शिक्षक कसं शिकवतात आणि पोरं कशी शिकतात, याचा तिथले लोक अभ्यास करतात. पुस्तकं वाचून करतात तसाच वर्गात जाऊनही करतात. शाळेची, शिक्षकांची, आईबापांची परवानगी काढायची, वर्गाच्या कोपऱ्यात कॅमेरा लावायचा, बाईंच्या कॉलरला छोटा माइक अडकवायचा आणि म्हणायचं, आता तुम्ही रोजच्यासारखं शिकवा. (कॅमेरा लावल्यावर कुणी रोजच्यासारखं वागतं का? लग्नात व्हिडिओवाला आला की आपण कसे जेवतो आठवा.) ते रेकॉर्डिंग मग माझ्यासारखीकडे येतं. कानावर हेडफोन आणि पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल. पुढून दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद, टाचेने दाबलं की थोडं मागे. ऐकायचं, टाइप करायचं, मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. कोण काय बोललं, जसंच्या तसं. कोण अडखळलं, कोण हसलं, कोण कुणाचं बोलणं तोडून बोललं, कुठे शांतता पसरली, सगळं उतरवायचं. याला इथे ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. मी त्याला घरी 'उतरवणं' म्हणायची, आणि आमचे हे मला म्हणायचे, "झाली का तुझी दृष्ट उतरवून?"

माझं स्वतःचं शिक्षण मिरजेला बारावीपर्यंत, तेही मराठी माध्यमात. इथे आले तेव्हा दुकानात 'थँक्यू'च्या पुढे गाडी जायची नाही. हे ऑफिसला, मुलगा शाळेत, बाहेर ढोपरभर बर्फ. टीव्हीवर खाली अक्षरं येतात ना, ती वाचत वाचत मी इंग्रजी ऐकायला शिकले. बोलायला फार नंतर आलं. शेजारच्या बाई या विभागात कामाला होत्या. त्यांनी एकदा विचारलं, "तू इतकं लक्ष देऊन ऐकतेस, करशील का हे काम?" मला वाटलं थट्टा करतायत. तरी बसने गेले, परीक्षा दिली, पास झाले.

पास झाले आणि पहिल्याच महिन्यात बोलणी खाल्ली. पोरं कशी बोलतात? अर्धी वाक्यं, उलटसुलट क्रियापदं, 'म्हणजे ते असं नाही का, ते'. मी आपली मायेने सगळी वाक्यं नीट करून टाकली. आमच्या प्रमुख होत्या प्रोफेसर हेलन. उंच, पांढरे केस, कायम सायकलचं हेल्मेट हातात. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "ही मुलं इतकी शहाण्यासारखी कधीपासून बोलायला लागली?" मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हे बघ, त्यांच्या चुका साफ करू नकोस. पोरगं अडखळतं ना, तिथेच त्याचं डोकं चालत असतं. तेच तर आपल्याला बघायचंय." त्यानंतर मी कुणाचंच बोलणं कधी साफ केलं नाही. अगदी नवऱ्याचंसुद्धा.

गमतीचे नग पुष्कळ भेटले. एक विज्ञानाचे मास्तर होते. प्रश्न विचारायचे, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" आणि कुणी श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे. स्वतःच म्हणायचे, "शाबास!" आमच्याकडे पद्धत अशी, की नंतर शिक्षकाला बोलावून त्याचा तास त्याला दाखवायचा आणि त्याच्याशी बोलायचं. या मास्तरांनी आपला तास बघितला आणि हेलनना म्हणाले, "हा माणूस पोरांना बोलू का देत नाहीये?" म्हणजे पडद्यावरचा माणूस आपणच आहोत हे त्यांना कळत होतं, पण पटत नव्हतं. एका बाईंनी कॅमेऱ्यासाठी म्हणून ठेवणीतली मण्यांची माळ घातली होती. तासभर मणी माइकवर खणखण वाजत होते. त्या दिवशी त्यांनी काय शिकवलं ते देवालाच ठाऊक. आणि एक जण माइक बंद करायला विसरून थेट झेरॉक्सच्या खोलीत गेले आणि तिथे मोकळ्या आवाजात गाऊ लागले. नियमाप्रमाणे ते ऐकायचं नाही, तिथेच थांबायचं. मी थांबले. कडवं संपल्यावर.

आणि नियम म्हणाल तर आमच्याकडे ढीगभर. त्यातला पहिला, खरं नाव कुठेही येता कामा नये. शिक्षकाला खोटं नाव, शाळेला खोटं नाव, प्रत्येक पोराला खोटं नाव. दुसरा नियम, शिक्षकाने कधीही, कुठलंही कारण न सांगता 'मला यातून बाहेर पडायचंय' म्हटलं, की त्याचं सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. का, हे विचारायचं नाही. मनधरणी करायची नाही. आता जी गोष्ट सांगणार आहे ती या दुसऱ्या नियमाची आहे. ती लिहायला दोघींची परवानगी घेतलीय. नावं अर्थात खोटी.

मृण्मयी नागपूरची. तिथे तिने इंजिनिअरिंग केलं, मग एका संस्थेत खेड्यातल्या मुलांना गणित शिकवलं आणि त्या नादात इंजिनिअरिंग सोडून इथे शिक्षणात पीएचडीला आली. तिघी मैत्रिणींबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहायची. स्वयंपाकाची पाळी तिची असली की हमखास माझ्याकडे जेवायला. बोलायला लागली की आधी इंग्रजी, राग आला की वऱ्हाडी.

तिचा प्रबंध होता गणिताच्या तासाला शिक्षक जे प्रश्न विचारतात त्यांच्यावर. त्यासाठी तिला चौथीच्या एका बाई मिळाल्या. नाव ठेवलं मिस ॲबी. शाळेतलं दुसरंच वर्ष, वय मृण्मयीएवढंच असेल. आपल्या वर्गात कुणी परका माणूस कॅमेरा घेऊन येणार या कल्पनेनेच घाम फुटावा असं ते वय. तरी तिने हो म्हटलं. सबंध हिवाळा मृण्मयी कॅमेरा, स्टँड, वायरी घेऊन बर्फातून बसने त्या शाळेत जायची. एक माइक ॲबीच्या कॉलरला. शिवाय, हाताशी होते म्हणून, पोरांच्या दोन-तीन टेबलांवर. टेबलांवरचं कुणी फारसं ऐकत नसे. त्यात एकाच वेळी सगळे बोलतात, खुर्च्या सरकतात, पेन्सिली पडतात. हल्ली पहिला कच्चा मसुदा सॉफ्टवेअर करून देतं आणि आम्ही तो दुरुस्त करायचा. ते सॉफ्टवेअर तर पोरांच्या आवाजाला गोंगाट समजून सरळ गाळून टाकतं. मीही वर्षानुवर्षं पोरांच्या बोलण्याच्या जागी 'अस्पष्ट' लिहून पुढे गेलेली बाई.

तर एक तास होता अपूर्णांकांचा. ॲबीने विचारलं, "अर्धा मोठा की एक तृतीयांश?" सगळा वर्ग ओरडला, "अर्धा!" एका मुलाने, त्याला आपण ईथन म्हणू, मध्येच म्हटलं, "नेहमीच नाही."

"नेहमीच, ईथन."

"पण काल माझ्या भावाने छोट्या पिझ्झाचा अर्धा खाल्ला. मी मोठ्या पिझ्झाचा तिसरा हिस्सा खाल्ला. माझा जास्त होता."

वर्ग हसला. ॲबीही थोडी हसली. "पिझ्झाच्या गोष्टी आपण डब्याच्या सुट्टीत सांगू हं. अर्धा हा एक तृतीयांशापेक्षा मोठाच. लिहा सगळ्यांनी."

एवढंच. पुढचं उदाहरण. मी ते उतरवलं, घरी आले आणि स्वयंपाक करताना माझ्या डोक्यात ते पोरगं. रात्रीच्या जेवणाला भाकरी होती आणि यांच्यासाठी फुलके. मी एका ताटात फुलक्याचा अर्धा ठेवला, दुसऱ्यात थोरल्या भाकरीचा तिसरा हिस्सा. बघत उभी राहिले. हे म्हणाले, "मला अर्धा फुलका? काय चुकलं माझं?"

"अहो, पोरगं बरोबर आहे!"

"कुठलं पोरगं?"

"हिस्सा कशाचा, ते आधी ठरवायला नको का? तेच तर तो सांगत होता."

"भाकरी वाढ," हे म्हणाले. "अख्खी."

मृण्मयी तर त्या तुकड्यावर फिदा होती. "काकू, धिस इज गोल्ड! एका वाक्यात बघा, पोरगा केवढ्या मोठ्या आयडियापर्यंत पोचला!" आता इथेच आमच्या लोकांची खोड सांगते. शिक्षकाला जी चूक वाटते, तिला आम्ही डेटा म्हणतो. आणि डेटा चांगला मिळाला की आमच्या चेहऱ्यावर आनंद मावत नाही. समोर जिची चूक आहे ती बसलीय, हे भानच राहत नाही. मृण्मयीने ॲबीला बोलावलं आणि तिचा तास दाखवताना नेमका तोच तुकडा पहिला लावला. हौसेने. घरी आलेल्या पाहुण्याला आपण पहिला लाडू देतो तसा.

ॲबीने तो बघितला. तिने फक्त एवढंच विचारलं, "तो बरोबर होता, नाही का?"

"हो! अगदी!" मृण्मयी आनंदाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲबीचा ईमेल आला. मला यातून बाहेर पडायचंय. सगळं पुसून टाका, प्लीज.

संध्याकाळी मृण्मयी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. कोटसुद्धा काढला नव्हता. सबंध हिवाळ्याची मेहनत, तिच्यावर उभा राहणारा प्रबंध, फंडिंग संपत आलेलं, विद्यार्थ्याच्या व्हिसाची टांगती तलवार, आणि दुसरा वर्ग शोधायचा तर शाळेचं वर्षही संपत आलेलं. हेलनना विचारून आली होती. हेलन म्हणाल्या होत्या, "नियम तुला माहीत आहे. मला फार वाईट वाटतं."

"मीच गाढव, काकू. तिला दिसतंय की भर कॅमेऱ्यासमोर तिने बरोबर पोराला चूक ठरवलं, आणि मी बाजूला बसून दात काढतेय."

आता माझ्याकडे एक गोष्ट होती. भाकरीच्या त्या प्रयोगानंतर मला चैन पडेना, म्हणून मी त्या तासाचं ईथनच्या टेबलावरचं रेकॉर्डिंग काढून बसले होते. कुणी मागितलं नव्हतं, पण ऐकलं. आणि ऐकून थक्क झाले होते. ते मी मृण्मयीला सांगितलं. म्हटलं, "तिला हे ऐकव. आजच बोलाव. ऐकलं की ती काही बाहेर पडत नाही, मी सांगते तुला."

मृण्मयीने माझ्या लॅपटॉपवर ते ऐकलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले. मग तिने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "नाही."

"नाही काय? वेडी आहेस का?"

"काकू, तिने नाही म्हटलंय. आता तिला हे ऐकवून 'बघ बरं, आता काय वाटतं' असं विचारायचं म्हणजे ते ऐकवणं नाही झालं ना. गळ टाकणं झालं."

"अगं, पण गळाला लागलेलं तिच्याच भल्याचं आहे!"

"मग ते तिचं आहे. माझ्या थिसिसचं आमिष नाही."

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, तुमची ही पुस्तकी नीती चुलीत घाला, उद्या परत जायची वेळ आली तर नीती तिकीट काढून देणार आहे का? तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "काकू, वरण आहे का थोडं?" मी वाढलं. दुसरं काय करणार?

जेवून तिने तिथेच बसून ॲबीला उत्तर लिहिलं. तुझं म्हणणं पोचलं, शुक्रवारी सगळं पुसलं जाईल, तुला आणखी काहीही करायचं नाही. त्याखाली एक ओळ. पुसण्याआधी तुझ्या वर्गातल्या पोरांचं बोलणं ऐकावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी ठरलंय ते ठरलंय. मी मागून वाचत होते. म्हणजे आधी तिने स्वतःच्या हाताने गळाची दोरी कापली आणि मग पाण्यापाशी बोलावलं. मला तेव्हा ते मुळीच पटलं नव्हतं. आज विचाराल तर एवढंच म्हणेन, ती पोरगी बरोबर होती आणि मी मायेपोटी चूक होते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ॲबी आली. गळ्यात शाळेचं ओळखपत्र, बुटांना चिखल, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. चेहरा दंतवैद्याकडे आल्यासारखा. आवाज लावायचा म्हणून मीही त्या खोलीत होते. मी तिला प्रथमच बघत होते, आणि तिचा खोकला मला ओळखीचा होता! पण असं बोलायचं नसतं. मी फक्त "हॅलो" म्हटलं आणि पेडलवर पाय ठेवला.

आधी मागून लांबून ॲबीचा आवाज. लिहा सगळ्यांनी. मग खुर्ची सरकते. मग टेबलावरच्या एका मुलीचा, नूरचा, आवाज. अगदी हळू.

"पण तुझं बरोबर आहे."

दुसरी मुलगी, ग्रेस. "नाहीये. मिस ॲबी म्हणाल्या ना."

ईथन म्हणतो, "त्यांचंपण बरोबर आहे. त्यांच्या डोक्यात एकच पिझ्झा आहे. माझ्या डोक्यात दोन आहेत."

"मग सांग ना त्यांना."

"आत्ता नाही. त्या पुढच्या उदाहरणावर आहेत."

मग कागद फाटल्याचा आवाज येतो. नूर एक मोठा आणि एक छोटा कागद घेऊन घड्या घालते. "हा अर्धा. हा तिसरा हिस्सा. बघ." कागद सरकल्याचा आवाज येतो. मग ग्रेस म्हणते, "ओ. ओ! म्हणजे दोन्ही खरं." आणि मागून लांबून ॲबीचा आवाज येतो, मागच्या टेबलावर गप्पा नकोत.

ॲबी हसली आणि रडली, एकदमच. "पुन्हा लावाल?" मी टाच दाबली. पुन्हा ऐकलं. मग तिने हाताने थांबा अशी खूण केली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बसथांब्यावर पोरं सायकली घेऊन उभी होती. मृण्मयी एक शब्द बोलली नाही. मी ओठ आवळून धरले होते. मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे किती अवघड आहे.

"मला वाटायचं, मी पुढे गेले की ती तिथेच राहतात," ॲबी म्हणाली. "मी गेल्यावरच ती सुरू झाली."

मग तिने मृण्मयीकडे वळून विचारलं, "आईबापांनी मुलांच्या आवाजासाठी दिलेली परवानगी वेगळी आहे ना?"

"हो. वेगळी."

"मग मुलांचं ठेवा. माझं पुसा."

मृण्मयी बघतच राहिली. तिचा अख्खा प्रबंध शिक्षकाच्या प्रश्नांवर होता, आणि शिक्षकच पुसायचा होता. पण 'का' हे तिने विचारलं नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "ठीक."

शुक्रवारी ॲबीच्या कॉलरवरच्या माइकचं सगळं रेकॉर्डिंग मी पुसलं. कॅमेऱ्याचंही. टेबलांवरच्या माइकमध्ये लांबून आलेला तिचा आवाजही कापला. सबंध हिवाळा तिचा आवाज कानात घेऊन बसले होते. घसा बसलेला, वैतागलेला, मध्येच स्वतःच्या विनोदाला हसणारा.  कितीतरी चांगलंही शिकवलं होतं तिने. त्यातलं काही आता कुठेच नाही.

मृण्मयीने प्रबंधाचा विषय बदलला. शिक्षक पुढे सरकल्यावर पोरं काय करतात, हा नवा विषय. म्हणायला सोपं. वर्षभर ती मागे पडली, फंडिंगसाठी दारोदार हिंडली, दुसऱ्याच एका विभागात पोरांच्या परीक्षा घेण्याचं काम धरलं. आणि माझी पाचावर धारण बसली. टेबलावरचे ते आवाज! चार पोरं एका वेळी बोलतायत, एक जण नाक ओढतोय, एक टेबलावर तबला वाजवतोय. ते सॉफ्टवेअर तर हात टेकून मोकळं झालं. मी आणि मृण्मयी एकेका वाक्यासाठी बसायचो. ती म्हणायची, "काकू, हे ग्रेस बोलली की नूर?" मी म्हणायची, "नूरच. नूर बोलायच्या आधी श्वास घेते." आणि त्यातून जे दिसत गेलं ते मला फार काही तात्त्विक भाषेत सांगता येणार नाही. पण आपल्याला वाटतं ना, शिकवलं की लगेच कळतं, नाही कळलं तर कळतच नाही, तसं ते नसतं बरं का. आज सांगितलेलं पोरं खिशात घालतात आणि दोन दिवसांनी भलत्याच तासाला बाहेर काढतात. शेजारच्याला समजावताना स्वतःला कळतं. गप्प बसलेलं पोरगं मनात भांडत असतं. आणि ज्याला आपण गप्पा म्हणून दटावतो त्यातला बराचसा भाग, हो, खरोखर गप्पाच असतात. कोणाच्या कुत्र्याला पिल्लं झाली वगैरे. पण सगळ्याच नाहीत.

ॲबीचा मधून मधून ईमेल यायचा. एकदा तिने लिहिलं, की त्या शुक्रवारीच वर्गात जाऊन तिने ईथनला विचारलं होतं, "त्या दिवशी तुझ्या डोक्यात दोन पिझ्झा होते ना? सांग सगळ्यांना." त्यावर पोरगं काय म्हणालं? "मिस ॲबी, ते झालं. आता आपण दशांशावर आहोत." बिचारी ॲबी! वेळ गेली की गेली. पण मग नूरने हात वर केला म्हणे, "मी सांगू का?"

मृण्मयीचा प्रबंध पुरा झाला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसले होते. इथे पद्धत अशी, की शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम मांडायचं, आणि परीक्षकच काय, कुणीही प्रश्न विचारू शकतं. मी चकल्या घेऊन गेले. नागपूरहून तिचे आईबाबा मोबाइलवर. मैत्रिणी, हेलन, विभागातली मंडळी. आणि सगळ्यात मागच्या रांगेत ॲबी. तिला मृण्मयीने नुसतं कळवलं होतं, ये असं म्हटलं नव्हतं.

मृण्मयीने छान मांडलं. नूरचे कागद, ग्रेसचा 'ओ', सगळं. मग बाहेरून आलेले एक परीक्षक, जाड भिंगांचे, सज्जन वाटणारे, म्हणाले, "काम सुंदर आहे. पण मला एक सारखं खटकतं. या सगळ्या वेळात शिक्षिका कुठे होती? तुमच्या प्रबंधात ती दिसतच नाही. तिचं काय चाललं होतं हे कळल्याशिवाय तिच्यावर अन्याय नाही का होत?"

मृण्मयीने हातातले कागद सरळ केले. उत्तर तिला माहीत होतं, पण ते देता येत नव्हतं. शिक्षिकेबद्दल एक शब्द बोलायची तिला मुभा नव्हती. परीक्षकांना वाटलं, हिला सुचत नाहीये. त्यांनी पुढे काहीतरी टिपून ठेवलं. हेलन पाणी प्यायल्या. माझ्या मांडीवरचा चकल्यांचा डबा मी घट्ट धरला. फोनवर तिची आई हळूच म्हणाली, "काय झालं वं?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "मी सांगितलं तर चालेल?"

सगळ्यांनी माना वळवल्या. ॲबी उभी राहिली होती. कान लाल झाले होते. तिने आधी मृण्मयीकडे बघितलं. मृण्मयीने मान हलवली, नको, गरज नाही. पण ॲबी बोलली.

"ती फळ्यापाशी होती. पोरांकडे पाठ करून. तिला वाटत होतं, कुणाला काही कळत नाहीये आणि तास संपत आलाय, म्हणून ती भराभर पुढे चालली होती. तिचं रेकॉर्डिंग यात नाही, कारण ते तिने पुसायला लावलं. मीच ती."

 परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आणि आता? आता तुम्ही कुठे असता?"

"आता मी एखाद्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसते," ॲबी म्हणाली. "पण बोलायचा मोह अजून आवरत नाही."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.